व्हर्नचा शर्ट

व्हर्न हॉफरची बंदूक हरणापेक्षा व्हर्नलाच जास्त लागायची. आजोबांची बंदूक ती, प्रत्येक बाराला खांद्यावर लाथ घालायची. त्या धास्तीनं व्हर्न आधी डोळे मिटायचा आणि मग चाप ओढायचा. हरीण आरामात निघून जायचं.

पेनसिल्व्हेनियाच्या त्या रानातल्या शिकारी खोपटात नियम एकच होता: नेम चुकला की शर्टाची मागची शेपटी कापायची आणि भिंतीवर ठोकायची. त्या भिंतीला व्हर्नचा मेहुणा हार्लन ‘दाजींचं कापड दुकान’ म्हणायचा.

यंदा बायकोनं, लोईसनं, आपल्या गेलेल्या वडिलांच्या लाल ब्लँकेटचा शर्ट शिवून दिला आणि बजावलं, “याला कात्री लागली तर घरी येऊ नकोस.”

व्हर्ननं एकट्या लोईसला सांगून गुपचूप बंदूक गावातल्या कारागिराकडे टाकली. जाड नळी काढून लहान कॅलिबरची, बारीक काडतुसांची बसवून घेतली. वरून बंदूक तीच, पण धक्का मांजराच्या पिलाचा. कारागिराच्या परसात त्यानं डोळे उघडे ठेवून डबा उडवला, तेव्हा त्याला आयुष्यात पहिल्यांदाच शिकारी झाल्यासारखं वाटलं. आता हार्लनचं तोंड बघायचं एवढंच बाकी होतं.

शिकारीच्या पहिल्या सकाळी झाडाआड बसून त्यानं खिशातलं काडतूस काढून नळीत घालून पाहिलं. सवयीनं त्यानं जुनीच काडतुसं आणली होती. ती जाडजूड काडतुसं नव्या नळीत शिरायलाच तयार नव्हती. तेवढ्यात भलं मोठं शिंगाळं हरीण समोर येऊन आडवं उभं राहिलं आणि निवांत चरू लागलं. व्हर्न नुसता बघत बसला. मग पलीकडच्या टेकाडावरून बार झाला, हरणानं शेपूट उडवलं आणि ते पसार झालं.

संध्याकाळी खोपटातले म्हातारे ऑर्विलकाका म्हणाले, “सकाळचा बार कुणाचा रे?”

हार्लन वाटीत घेवडा वाढून घेत म्हणाला, “दाजींच्या बाजूनं आला आवाज.”

व्हर्ननं विचार केला. नाही म्हणावं तर समोर आलेलं हरीण का सोडलंस, हे सांगावं लागणार. नेम चुकलेल्याचा एक शर्ट जातो. बंदूक बदलून काडतुसं जुनीच नेणाऱ्याचं नाव नातवंडांपर्यंत निघतं. “माझाच,” तो म्हणाला. कात्री हार्लननंच चालवली, आणि मोठ्या हौसेनं.

घरी लोईसनं शर्ट पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. व्हर्नला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ॲपल पाय खायला आलेला हार्लन म्हणाला, “ताई, दाजींना बंदूक झेपतच नाही.”

लोईस व्हर्नच्या कोटाचे खिसे रिकामे करू लागली. जाड काडतुसं टेबलावर घरंगळली. तिनं ती पाहिली, मग फळीवर साखरेशेजारी ठेवलेल्या नव्या बारीक काडतुसांच्या न फोडलेल्या खोक्याकडे पाहिलं.

“व्हर्न, नळी बदललीस ना? मग ही त्यात जातात कशी?”

“जात नाहीत,” व्हर्न कॉफीत बघत म्हणाला.

“मग बार कुणी टाकला?”

त्या सकाळी पलीकडच्या टेकाडावर बसलेल्या हार्लनचा काटा तोंडाशीच थांबला. लोईसनं शिवणाच्या टोपलीतली मोठी कात्री काढली.

“हार्लन, उभा राहा. पाठ कर.”

“ताई, नवा शर्ट आहे गं.”

“म्हणूनच. बाबांच्या ब्लँकेटला मला चांगलं कापड जोडायचंय.”

पुढच्या वर्षी व्हर्न खोपटात शिरला तो लाल शर्टाला पिवळ्या चौकड्यांची शेपटी लावून. ऑर्विलकाकांनी ती निरखून पाहिली आणि कापड कुठलं म्हणून विचारलं.

“माझ्या मेहुण्याचं दुकान आहे,” व्हर्न म्हणाला.