घासल्याशिवाय रंग न्हाई

आमचे तात्या कुणाच्याही घरी गेले की चपला काढतात आणि यजमानाकडे न बघता सरळ भिंतीपाशी जातात. तिच्यावर तळहात ठेवतात, बोटं वाकवून टकटक करतात आणि कान लावून ऐकतात. आपण "या, बसा" म्हणावं तर हात वर करून म्हणतात, "थांबा, आत पोकळ हाय." नवा माणूस दचकतो. आम्ही विश्रामबागेतले शेजारी आता दचकत नाही, चहा टाकतो.

तात्या मूळचे मेढ्याकडचे. लहानपण तिथल्या पावसात ओल्या भिंतींना टेकून गेलं आणि उमेदीची वर्षं फौजेत बांधकामावर. हवालदार म्हणून पेन्शनीत आले ते सांगलीत घर बांधूनच. तेव्हापासून गल्लीत कुणी घराला रंग द्यायचा नुसता विचार केला तरी पेंटरच्या आधी तात्या हजर असतात. पुट्टी, पीओपी, वॉलपेपर, प्रत्येकाबद्दल त्यांचं मत ठरलेलं. "वॉलपेपर म्हंजे पांघरूण. खाली काय झोपलंय ते बघितलं का?" टेक्स्चरवर तर खास राग. "ज्याचा गिलावा वाकडा, त्यानं टेक्स्चर करावं." आणि कुठूनही सुरुवात झाली तरी शेवट एकच, "घासल्याशिवाय रंग न्हाई." जुने पापुद्रे, खिळ्यांच्या खुणा, पोरांनी लिहिलेले पाढे, सगळं पॉलिश पेपरने घासून सपाट व्हायलाच हवं. आमच्या शेजारच्या घरात एकदा पेंटरने कपाटामागची वीतभर जागा तशीच ठेवली, तर तात्यांनी कपाट हलवून त्याला परत बोलावलं होतं.

माझ्या भाचीसाठी मुलाचं घर बघायला आम्ही विट्याला गेलो, तेव्हा वडीलधारे म्हणून तात्यांना बरोबर नेलं. चूक माझीच. त्या मंडळींचं सोनं गाळायचं दुकान लांब कुठल्याशा शहरात, त्यामुळे बैठकीच्या भिंतीलाही सोनेरी टेक्स्चर. तात्यांनी कोपऱ्यात हळूच नख लावलं आणि तळहाताएवढा पापुद्रा पोह्यांच्या बशीत येऊन पडला. मी डोळे मिटून घेतले. भाची आता जन्मभर घरीच, असं माझ्या मनात आलं.

"पाव्हणं, ह्या भिंतीमागं मोरी हाय का?" तात्यांनी शांतपणे विचारलं.

मोरी होती, आणि गळत होती. मुलाच्या वडिलांनी बसल्या जागी प्लंबरला फोन लावला आणि पोह्यांच्या नव्या बशा मागवल्या. लग्न जुळलं. ते व्याही आजही भेटले की आधी तात्यांची खुशाली विचारतात, मग माझी.

तात्यांचा दुसरा छंद आम्हाला कधी उमगला नव्हता. गेल्या चार वर्षांत गल्लीतली पाच घरं त्यांच्या सल्ल्याने रंगली. रंगही तेच निवडायचे, त्यात वाद चालत नसे. आणि रंग वाळला की बरोबर दिवेलागणीला त्या घरी यायचे, भिंतीसमोर खुर्ची ओढून दहा मिनिटं गप्प बसायचे आणि "हं" करून निघून जायचे. लोकांना वाटे, म्हातारा आपलं काम तपासतोय. स्वतःच्या बैठकीला मात्र रंगाचा पत्ता नव्हता. नुसती पांढरी पुट्टी. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो. ते "बघू की" म्हणायचे आणि विषय दुसऱ्याच्या भिंतीवर न्यायचे.

पाचवं घर आमचं. यंदा दिवाळीआधी रंग झाला, फिकट जोंधळ्याच्या दाण्यासारखा. तात्या दिवेलागणीला आले आणि बसले. दहा मिनिटांची वीस झाली, अर्धा तास झाला. सुमनने, माझ्या बायकोने, ठेवलेला चहा निवून गेला. मग उठले आणि म्हणाले, "मास्तर, जरा घराकडं चला."

त्यांच्या बैठकीचं दार कायम उघडं असायचं, म्हणून दारामागची भिंत आम्ही कधी पाहिली नव्हती. तात्यांनी दार लोटलं. तिथे पाटीएवढे पाच रंगांचे तुकडे होते आणि प्रत्येकाशेजारी पेन्सिलीने लिहिलेलं. अक्षर यशोदाकाकूंचं. तात्यांच्या कारभारीण, त्यांना जाऊन चार वर्षं झाली. "भडक." "दवाखान्यासारखा." "बरा." "ह्यांना आवडेल." आणि आमच्या रंगाशेजारी, "दिवा लावल्यावर बघू." दवाखान्यासारखा रंग कुणाच्या घरी गेला ते मी सांगणार नाही.

"नमुने तिनंच काढून घेतलं," तात्या म्हणाले. "म्हणाली, एवढ्याशा तुकड्यावर काय कळत न्हाई. आख्ख्या भिंतीवर, दिव्याच्या उजेडात बघू आन् मग ठरवू. तवर तिला दवाखान्यात न्यावं लागलं. मग म्या बघितलं तिच्यासाठी. एकेक करून."

ज्या माणसाला आम्ही चार वर्षं चिडवत होतो, तो आमच्या घरात बसून बायकोची निवड पुरी करत होता. मला फार लाज वाटली.

"तुमचाच," ते म्हणाले. "तिनं ह्योच घेतला असता. उद्या पेंटर येणार हाय."

"मग झालं की तात्या. चांगलं झालं."

तात्यांनी भिंतीवर तळहात ठेवला, पण अक्षरांना लागणार नाही असा, बाजूला. टकटक केली नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "एवढीशी जागा घासल्याशिवाय चालतीय का वो?"

इतक्या वर्षांत भिंतीबद्दल त्यांनी मला कधी काही विचारलं नव्हतं.

"चालतंय की," मी म्हणालो. "दारामागं कोण बघतंय?"

"मी बघतो की," तात्या म्हणाले.