मला अडवा कुणीतरी!

छातीठोकपणे सांगतो, माझ्या योद्ध्याला हरवणारा अजून जन्मालाच आला नव्हता! लेव्हल अठरा! तीन वर्षं दर रविवारी सकाळी आम्ही ताईच्या जेवणाच्या टेबलाशी बसून हा खेळ खेळतोय. प्रत्येकाचं एक कॅरेक्टर, त्याची ताकद-बिकद एका कागदावर, आणि वीस बाजूंचा फासा. ताई गणिताची शिक्षिका, त्यामुळे गोष्ट तिची, राक्षस तिचे आणि नियम तर तिचेच! वहिनीचं औषधांचं दुकान आहे, पण खेळात ती चोर. प्लंबरदादा वैद्य. आणि मी म्हणजे चालताबोलता किल्ला! कुठला पॉइंट कुठे टाकला की काय वाढतं, याचा मी इतका अभ्यास केलाय की तेवढ्यात एखादी डिग्री झाली असती.

त्या रविवारी शेवटची लढाई होती. दुसऱ्या दिवशी प्लंबरदादा नव्या नोकरीसाठी कायमचा निघणार होता. त्याचं मागणं एकच. "माझा म्हातारा वैद्य जिवंत राहू दे रे. त्याचा कागद नव्या घरात कपाटावर चिकटवणार आहे." ताईच्या खेळात मेला तो मेला, परत येणं नाही!

"दादा, मी असताना तू काळजी करतोस?"

आणि चेटकीण आली.

"तिने तुला भारलंय," ताई म्हणाली. "मनोबलाचा फासा टाक."

मनोबल! तिथे मी एकही पॉइंट टाकला नव्हता. योद्ध्याला मन हवंय कशाला? फासा टाकला. वीसपैकी चार!

"आता तू तिच्या बाजूने. समोर वैद्य आहे. तुझे तीन वार."

"ताई, हळू मारतो ना!"

"भारलेला माणूस हळू मारत नाही. टाक."

एकोणीस! एरवी राक्षस दिसला की हा फासा आजारी पडतो! दुसरा वार, सतरा! वैद्याच्या अंगात जीव उरला फक्त नऊ, म्हणजे माझ्या एका वाराचा. प्लंबरदादा खोडरबराने जुना आकडा पुसत बसला.

"थांबा! मध्ये मला एक संधी आहे!" वहिनी खुर्चीतून उठलीच. "भाऊजी, जाळं टाकू?"

"माझ्यावर चालत नाही."

"झोपेची पूड?"

"तिचा बंदोबस्त मागच्याच लेव्हलला केला."

"पायाखाली तेल ओतते!"

"जादूचे बूट आहेत..."

"अहो, मग तुम्हाला थांबवायचं तरी कसं?"

"नाही थांबवता येत, वहिनी! तोच तर अभ्यास केला होता!"

"एवढा वार चुकू दे," प्लंबरदादा हळूच म्हणाला. "मग माझी पाळी. उतारा आहे माझ्याकडे."

वार लागायला सव्वीस हवे होते. माझ्या ताकदीचे आणि तलवारीचे मिळून सोळा आधीच जमा. म्हणजे दहाच्या खाली पडायला हवा! फासा फळांच्या टोपलीला धडकला, गरगरला, थांबला. दहा!

"असू दे रे, खेळच आहे," म्हणत प्लंबरदादा कागदाची घडी घालू लागला. चार घड्यांच्या कागदाला त्याला फार वेळ लागत होता.

मी माझा कागद वरपासून खालपर्यंत वाचला, आणि कान गरम झाले. कमरपट्ट्याचे दोन पॉइंट ताकदीतही धरलेले, तलवारीतही! गेलं वर्षभर! कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. बोललो तर माझी सगळी शान गेली. न बोललो तर...

"ताई, सोळा नाहीत. चौदा आहेत. पट्टा दोनदा धरलाय."

ताईने कागद ओढून बेरीज केली.

"चोवीसच. वार चुकला."

वहिनी किंचाळली! प्लंबरदादाने उतारा लावला, वहिनीने मागून सुरा खुपसला, चेटकीण खलास! दादाने कागदाच्या घड्या उलगडून तो हातानेच इस्त्री केल्यासारखा सरळ केला.

पण गणिताची शिक्षिका गप्प बसते का? तिने वर्षभराच्या लढायांची वही काढली, लाल पेन काढलं.

"तो दगडी राक्षस आठवतो? तुझा वार तिथे चुकायला हवा होता. मग त्याने तुला चिरडलं असतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तू गेल्याच वर्षी मेलास."

"आणि वैद्याची जागा रिकामी झालीय, भाऊजी," वहिनी गोड हसली.

तर सध्या मी लेव्हल एकचा वैद्य आहे. पहिल्याच रविवारी तळघरात मला उंदीर चावला. औषध लावायला फासा टाकला, एक पडला, बाटलीच फुटली! त्या उंदराला ताईने माझ्यापेक्षा तीन पॉइंट जास्त दिलेत. मी दोनदा तपासलं. या वेळी बेरीज बरोबर आहे!