टेनिसविना टेनिस एल्बो

"दे इकडे, मी फिरवतो," हे चार शब्द मी लग्नाच्या चौदा वर्षांत एकदाच उच्चारले आणि फसलो.

२००९ची होळी होती. शारजात, अल मजाजमधल्या आमच्या बिल्डिंगीतल्या झाडून सगळ्या मराठी घरांना पुरणपोळी खाऊ घालायचं माझ्या बायकोने, प्रमिलाने, परस्पर कबूल करून टाकलं होतं. सहा किलो डाळ! पुरण घट्ट झालं होतं आणि पुरणयंत्राचं हँडल काही हलेना. मी बाह्या सरसावल्या. दोन तास फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मला टूथब्रश उचलेना.

कंपनीने ठरवून दिलेल्या क्लिनिकात मोहिद्दीन नावाचा फिजिओथेरपिस्ट होता. त्याने कोपरावर एक बोट दाबलं. मी किंचाळलो.

"टेनिस एल्बो," तो खूश होऊन म्हणाला.

"टेनिस? भाई, मैं तो कॅरम भी बैठके खेलता हूँ."

"अरे, बीमारी का नाम है!" आणि त्याने पट्टा बांधला तो मनगटाला. (आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.) मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "कलाई उठानेवाला मसल कोहनी से निकलता है. कलाई को आराम, तो कोहनी को आराम. समझा?"

समजलं नव्हतं, पण मान हलवली. मान तेवढी दुखत नव्हती.

माझं ऑफिस दुबईच्या जबल अली बंदरावर. मी शिपिंगच्या कागदांवरचा कारकून. मंदी अशी आली होती की ज्या कंपनीच्या बसमध्ये पूर्वी सीटसाठी भांडणं व्हायची, तिथे आता मी आडवा होऊन घोरत जायचो. दर गुरुवारी दुपारी एचआरचा फोन वाजायचा आणि कुणीतरी खलास. त्या गुरुवारी वाजला तो माझा. जीएमनी बोलावलं होतं. आमचे जीएम मिस्टर नबील, लेबनीज. माझ्या मुलीची, ओवीची, शाळा डोळ्यांपुढे आली. खरंच घाबरलो होतो मी.

नबीलसाहेबांसमोर एक यादी होती. त्यांची नजर यादीवरून माझ्या पट्ट्यावर गेली.

"व्हॉट हॅपन्ड?"

"टेनिस एल्बो, सर."

"हबीबी! यू प्ले टेनिस?"

(वाचकहो, इथे तुम्ही काय केलं असतं?) मी म्हणालो, "लिटल, सर."

साहेबांनी यादी उलटी ठेवली. त्यांचा डबल्सचा पार्टनर बैरूतला परत गेला होता. "फर्स्ट यू गेट वेल. देन वुई प्ले. यल्ला!"

म्हणजे कोपर दुखतंय तोवर नोकरी आहे! मग काय, मी कोपर जिवापाड जपायला लागलो. म्हणजे बरं होऊ नये म्हणून. मोहिद्दीनने पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात धरून मनगट सावकाश वर-खाली करायला सांगितलं होतं. ओवी शेजारी बसून मोजायची. "Baba, that's only seven. And don't cheat!" ती आत गेली की मी पट्टा काढून ठेवायचा आणि दुखेल ते करायचं. पिंप भरून कपडे पिळले. पाच गॅलनची पाण्याची बाटली एकट्याने डिस्पेन्सरवर चढवली. प्रमिला शेजारणींना सांगत सुटली, "आमचे हे मंदीने अगदी सुधारले हो!"

दोन महिन्यांनी मोहिद्दीनने कोपर दाबलं. काही म्हणता काही दुखलं नाही.

"माशाल्ला! इतना एक्सरसाइज किसी पेशंट ने नहीं किया," असं म्हणून त्याने 'फिट'चा शेरा मारला आणि रिपोर्ट थेट ऑफिसला धाडला.

शुक्रवारी सकाळी सहाला मी कोर्टावर उभा होतो, उसनी हाफ पँट घालून. नबीलसाहेबांनी सर्व्हिस केली. चेंडू माझ्या चष्म्याला लागला. दुसऱ्या चेंडूला माझ्या हातातली रॅकेट गोल फिरली, अगदी पुरण वाटल्यासारखी.

साहेब जाळीपाशी आले. "यू नेव्हर प्लेड."

"नो, सर." आता लपवून काय उपयोग? "इट वॉज डाळ, सर. स्वीट डाळ. आय वॉज पुशिंग इट थ्रू होल्स."

साहेब मटकन कोर्टावर बसले आणि पोट धरधरून हसले. डोळे पुसत म्हणाले, "सिक्स मंथ्स, हबीबी, आय ओन्ली फायर पीपल. टुडे आय लाफ."

"अँड माय जॉब, सर?"

"इन्शाल्ला," ते म्हणाले. (याचा अर्थ 'हो' की 'नाही' हे आखातात कुणालाच कळलेलं नाही.) "एव्हरी फ्रायडे यू कम. आय प्ले, यू पिक द बॉल्स."

घरी येऊन मी छाती फुगवून सांगितलं, की नोकरी टिकली. शिवाय दर शुक्रवारी जीएमसाहेबांबरोबर कोर्टावर एक स्वतंत्र जबाबदारी मिळाली आहे.

"कसली?" प्रमिलाने विचारलं.

मी सांगितलं. ओवीने पुस्तकातून डोकं वर काढलं. "So Baba, you're the ball boy?"

मी दुखावून प्रमिलाकडे पाहिलं. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, शेहेचाळिसाव्या वर्षी कुणी बॉय म्हणतंय ना, तेवढं तरी पदरात पाडून घ्या!"