पाच मिनिटं गप्प

सावळेरामतात्यांच्या ओट्यासमोर मी स्कूटर उभी करायच्या आधीच त्यांची डावी बाही खांद्यापर्यंत दुमडलेली असायची. ती सकाळपासूनच दुमडलेली असते, असं शेजारच्या सिंधूवहिनी सांगत. दाढी केलेली, टोपी धुतलेली, अंगाला साबणाचा वास. लग्नाची मुलगीसुद्धा पाहुण्यांसमोर इतकी नटूनथटून बसत नसेल. एवढा थाट कशासाठी, तर ब्लडप्रेशर मोजायला.

आमचं संशोधन तसं साधं होतं. कळंबच्या आसपासच्या वाड्यांवर घरोघरी जायचं, प्रेशर मोजायचं, गोळ्या घेता का म्हणून विचारायचं, आणि अशा भेटींनी ते आटोक्यात राहतं का ते बघायचं. ज्याचं वाढलेलं, त्याच्याकडे दर महिन्याला जायचं. ज्याचं उतरलं, त्याच्याकडे सहा महिन्यांनी.

तात्या प्रेशरला मार्क म्हणत. आकडा मोठा निघाला की त्यांचा चेहरा खुलायचा.

"मागल्या बारीपेक्षा जास्ती! वाडीत पयला का मी?"

"तात्या, यात कमी मार्क पाडायचे असतात," मी वैतागून म्हणायची.

"ते शाळंत झालं पाडून."

पट्टा बांधण्याआधी मात्र त्यांचे फार हाल होत. मोजण्यापूर्वी पाच मिनिटं गप्प बसायचं, असा नियम. टोमॅटोचा बाजार, उसात शिरलेला बिबट्या, चाकणला स्थायिक झालेला मुलगा, सगळं त्यांच्या ओठांवर येऊन थांबायचं. काही बोलायला गेले की मी बोट दाखवून दटावायची. मग गाल फुगवून माझ्याकडे बघत बसायचे. आकडा घेतला की मी उठायची, कारण पुढची घरं राहिलेली असायची.

सुरुवातीला एकदा उतरलेलं तात्यांचं प्रेशर पुन्हा चढलं, ते महिने गेले तरी उतरेना. शेवटी आमच्या डॉक्टरांनी गोळ्या वाढवायचं ठरवलं. तेच सांगायला मी गेले, तेव्हा सिंधूवहिनींना राहवलं नाही. कुंपणापलीकडून त्या म्हणाल्या, "ताई, वाढवू नका. म्हातारं गोळ्या खातच न्हाई. आन् तुमी यायच्या आदल्या दिवशी नुसतं सुकट आन् खारातल्या मिरच्या खातंय!"

मी तात्यांकडे बघितलं. ते दुमडलेली बाही खाली करायला लागले.

"तात्या, अर्धं अंग लुळं पडलं म्हणजे?"

"सुरवातीला खाल्ल्या व्हत्या की गोळ्या. मार्क उतरलं. मंग तुमी सहा महिनं फिरकला न्हाई." बाही मनगटापर्यंत ओढत म्हणाले, "पोरगा करतो फोन. पर त्याला लगीच दुसरा फोन येतो."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि रडूही आलं. भेटींनी प्रेशर उतरतं का हे शोधायला आम्ही निघालो होतो, आणि हा माणूस भेटीसाठी ते चढवत होता. जिवावर बेतलं असतं याची त्यांना फिकीरच नव्हती. ऑफिसात मी सगळं खरं ते कळवलं. तात्यांना माझ्यासमोर गोळी गिळायला लावली आणि रोज सकाळी लक्ष ठेवायचं काम सिंधूवहिनींवर सोपवलं. त्यांनी ते मोठ्या उत्साहानं घेतलं.

पुढच्या महिन्यात आकडा चांगला उतरला. मी टाळ्या वाजवल्या. तात्यांनी मात्र नापास झालेल्या पोरासारखी मान खाली घातली.

"म्हंजी आता सहा महिन्यांनी," ते म्हणाले.

त्या रविवारी मला सुट्टी होती. मंचरहून स्कूटर काढली आणि न कळवता वाडीवर गेले. आवाज ऐकून तात्या बाहेर आले. दाढी वाढलेली, टोपी नाही. मला बघताच गडबडून बाही दुमडली, ओट्यावर ताठ बसले आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

"तात्या, आज मशीन नाही आणलं."

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मग हळूच विचारलं, "मंग आज बोललं तर चालंल?"