पिवळी चिठ्ठी आणि वर्नाबाईंचं टेबल

आमच्या कम्युनिटी कॉलेजात बीजगणिताची सगळ्यात नावाजलेली शिकवणी एके काळी कोणाची होती, सांगू? माझी! वर्ना हुल्स्ट्रॉमची! आणि त्याच वेळी, त्याच कॉलेजात, बीजगणितात गटांगळ्या खाणारी बाईही मीच होते.

गोष्ट सत्त्याऐंशी सालची. मी बावन्न वर्षांची. नेब्रास्कातल्या विलो फोर्क गावच्या शाळेत एकोणीस वर्षं स्वयंपाक केलेला. मुख्य स्वयंपाकीण ग्लॅडिस निवृत्त होणार होती आणि तिची जागा मला हवी होती. फार हवी होती! पण नेमका त्याच वर्षी नियम आला: मुख्य स्वयंपाकिणीकडे कॉलेजचं प्रमाणपत्र पाहिजे. आणि त्या प्रमाणपत्रासाठी बीजगणित!

मी म्हटलं, त्यात काय! चारशे पोरांना एका तासात चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल खाऊ घालणारी बाई एका ‘क्ष’ला घाबरते की काय!

सहाव्या आठवड्यात ‘क्ष’ने मला लोळवलं. पेल्झर सरांची पिवळी चिठ्ठी आली. ‘प्रगती असमाधानकारक. अंतिम परीक्षेत सत्तर गुण न मिळाल्यास नापास. विद्यार्थी मदत केंद्रात जावे.’

चिठ्ठी मी चोरीचा माल असावा तशी ॲप्रनच्या खिशात दडवली. आमच्याकडची माणसं अशीच! शेजाऱ्याचं कोठार जळालं तर हातोडा घेऊन हजर, आणि स्वतःचं जळालं तर म्हणणार, “काही नाही हो, थोडा धूर आहे.”

दोन दिवसांनी दुपारी भांडी आवरून मी केंद्रात गेले. दारातच आर्डिथ स्कोग्लंड उभी. ही केंद्राची प्रमुख. हिचे तिन्ही मुलगे माझे रोल खाऊन सहा-सहा फूट वाढलेले.

“वर्ना! अगदी वेळेवर आलीस!” ती म्हणाली. “गणिताच्या टेबलावर शिकवायला कोणी नाही. मदत करायला आलीस ना?”

‘नाही, मदत मागायला आले.’ चारच शब्द म्हणायचे होते. पण तोंडातून निघालं, “हो तर! मग काय!”

टेबलावर दोघं होती. ट्रॅक्टरच्या कारखान्यातून कमी केलेला, दारात खांदे न मावणारा रॉइस, आणि जुळ्यांची आई केलीन, जिला नर्स व्हायचं होतं. रॉइसने वही सरकवली. मी वहीकडे पाहिलं. वहीने माझ्याकडे पाहिलं. ओळख कोणालाच पटली नाही.

“आधी तू सांग,” मी करड्या आवाजात म्हटलं.

“बाई, येत नाही म्हणून तर आलोय!”

“चमचाभर तरी येत असेल! तेवढं सांग.”

घाम पुसत त्याने एक पायरी लिहिली.

“का?” मी विचारलं. अगदी मनापासून विचारलं हो!

“दोन्हीकडून पाच काढले,” केलीन म्हणाली.

“का काढले?”

“म्हणजे क्ष एकटा उरतो, बाई!”

“अस्सं!” मी म्हटलं. आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा मला खरंच ‘अस्सं’ वाटलं.

मी रोज जाऊ लागले. मग एकदा ते गणित आलं. वीस टक्के आणि पन्नास टक्के आम्ल मिसळून तीस टक्क्यांचं बारा गॅलन करायचं. रॉइस डोकं धरून बसला. मला मात्र समोर चिलीची दोन पातेली दिसायला लागली, एक सौम्य आणि एक जहाल!

“सौम्य दोन वगराळी, जहाल एक,” मी म्हटलं. “म्हणजे आठ आणि चार.”

रॉइसने अर्धं पान भरून समीकरण सोडवलं आणि ओरडला, “आठ आणि चार! बाईंनी तोंडी काढलं!”

झालं! दुसऱ्या दिवशी टेबलाभोवती पाच जण, पुढच्या आठवड्यात अकरा! खुर्च्या वाचनालयातून आल्या. दारावर पाटी लागली, ‘वर्नाबाईंचं टेबल’. मी आपली “आधी तू सांग” आणि “का?” एवढ्या दोन शब्दप्रयोगांवर दुकान चालवत होते!

परीक्षेला तीन दिवस उरले, आणि आर्डिथ एका पाहुण्याला घेऊन आली. “सर, ह्या आमच्या बीजगणिताच्या बाई!”

पाहुणे म्हणजे पेल्झर सर!

“ह्या?” सरांचा चष्मा नाकावरून घसरला. “ह्यांना तर मी पिवळी चिठ्ठी पाठवलीय!”

रॉइस उसळला, “सर, बाईंनी आजवर एकही उत्तर चुकीचं दिलेलं नाही!”

“रॉइस,” केलीन हळूच म्हणाली, “आम्लाचं सोडलं तर बाईंनी एकही उत्तर दिलेलंच नाही.”

माझं तोंड उकडलेल्या बिटासारखं झालं. मी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. “मी मदत मागायला आले होते. आर्डिथ, मी तुला फसवलं.”

आर्डिथने खणातून एक गुलाबी कागद काढला. “प्रत्येक पिवळ्या चिठ्ठीची नक्कल माझ्याकडे येते, वर्ना. तुझी तू यायच्या दोन दिवस आधीच आली होती.”

“मग त्या दिवशी तू...”

“‘बस, तुला शिकवते’ म्हटलं असतं तर काय केलं असतंस?”

“रोलचा ट्रे ठेवून, सहज आले होते म्हणून पळाले असते.”

“तेच!”

पेल्झर सरांनी चष्मा वर सरकवला. “शुक्रवारी परीक्षा आहे,” एवढंच म्हणाले. रॉइसने खुर्ची ओढली. “बसा, बाई. आज सगळं आम्ही सांगतो. तुम्ही फक्त ‘का’ म्हणा.”

तीन दिवस त्या अकरा जणांनी मला असं घोटून घेतलं की कणकेला दया यावी!

ग्लॅडिसची पळी मी पुढे चौदा वर्षं सांभाळली. त्या चौदा वर्षांत दर शुक्रवारी रोलचा एक ट्रे आर्डिथच्या टेबलावर जायचा. तिने त्या गुलाबी कागदाबद्दल गावात कधी चकार शब्द काढला नाही. आज ती नाही, म्हणून मीच सांगून टाकते. तिचे उपकार माझ्या पोटात मावत नाहीत.

हो, निकालाचं राहिलंच! केलीन अठ्ठ्याऐंशी. रॉइस ब्याण्णव! कागद फडकवत तो कॉलेजच्या व्हरांड्यातून धावत आला. “बाई, बाई! तुमचे किती?”

आमच्या अख्ख्या टेबलावरचे सगळ्यात कमी, एकाहत्तर गुण मी ॲप्रनच्या खिशात खोल दडवले आणि करड्या आवाजात म्हटलं,

“आधी तू सांग!”