श्वास धरा, हलू नका

खेडेकर काका कुठलीही गोष्ट दाखवण्याआधी माणसाला डोळे मिटून श्वास धरायला लावतात.

"श्वास घ्या. धरा. हलू नका. हां, आता बघा." मग समोर समुद्र असो, पक्षी असोत की पेट्रोल पंप. कुवेतच्या एका सरकारी दवाखान्यात ते गेली पंचवीस वर्षं एक्स-रे काढतात. अरबीत, हिंदीत, मल्याळममध्ये आणि एकदा तर नुसत्या हातवाऱ्यांनी त्यांनी लोकांना याच शब्दांत सरळ उभं केलं आहे. दवाखान्यात ते शेवटी 'सोडा' म्हणत असावेत, कारण त्यांच्या हातून अजून कुणी दगावल्याचं ऐकिवात नाही. सहलीला आले की मात्र साफ विसरतात. समोरचं बघण्यात स्वतःच गुंग होतात आणि मागे आम्ही गाल फुगवून उभे. माझ्या नवऱ्याने, अभयने, पहिल्या सहलीत सभ्यपणापायी इतका वेळ श्वास धरला की त्याचे कान लाल झाले.

मी कुवेतला आले ती सांगलीच्या पतसंस्थेतली नोकरी सोडून. अभय मिरकाबमधल्या एका बँकेत, मुलगी सानिका शाळेत आणि मी एगैलातल्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. जवळच मॉल होता. पहिल्या महिन्यात मी रोज मॉलमध्ये गेले. दुसऱ्या महिन्यात तिथल्या सुरक्षारक्षकांना माझ्या येण्याच्या वेळा पाठ झाल्या. तिसऱ्या महिन्यात जाणंच सोडलं. आणलेल्या तीन बॅगांपैकी एक मी उघडलीच नव्हती. अभयने विचारलं तेव्हा त्यात लोकरीचे कपडे आहेत असं ठोकून दिलं. खरं म्हणजे आईला फोनवर सांगून झालं होतं, की मार्चपर्यंत बघते, नाहीतर सानिकाला घेऊन येते.

खेडेकर काका आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. मूळचे चिपळूणचे. लिफ्टमध्ये मी फोनवर मराठीत कुणाशी तरी भांडत होते, ते ऐकून त्यांनी ओळख काढली. नाव, गाव काही विचारलं नाही.

"किती महिने झाले?"

"चार."

"काय काय बघितलंस?"

"मॉल."

काचेवर लावलेल्या फिल्ममध्ये मोडलेलं हाड दिसावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "शुक्रवारी साडेतीनला खाली ये. नवऱ्याला पण आण. चप्पल नको, बूट घाला."

त्या शुक्रवारी त्यांनी आम्हाला त्यांच्या जुन्या गाडीतून दक्षिणेच्या रस्त्याला बरंच लांब नेलं आणि एका पेट्रोल पंपाच्या मागे उभं केलं. श्वास घ्या, धरा, आता बघा. मी बघितलं. समोर काहीच नव्हतं. वाळू होती, विजेच्या तारा होत्या, त्यापुढे वाळूच होती.

"याला म्हणतात काहीच नाही," काका तृप्त होऊन म्हणाले. "आपल्याकडे हे मिळत नाही गो. चिपळुणात दहा पावलं टाक, कुणाचं तरी कुंपण लागतं."

"एवढं पेट्रोल जाळून पेट्रोल पंप बघायला आलो," अभय माझ्या कानात पुटपुटला, तोही श्वास न सोडता. मला हसू आलं, आणि आलं ते थांबेना. चार महिन्यांत मी पहिल्यांदा हसत होते. सानिका मला घाबरून विचारत होती, "आई, आर यू ओके?" काकांनी माझ्याकडे वळून पाहिलं आणि खिशातून एक लांबट वही काढून तीत काहीतरी लिहिलं.

ती वही हे एक वेगळंच प्रकरण आहे. काका कुणालाही न तपासलेल्या जागी नेत नाहीत. मंगळवारी ड्यूटी संपली की एकटेच जाऊन पाहणी करतात, तासभर तिथे बसतात आणि रिपोर्ट लिहितात. मला ते त्यातली पानं वाचून दाखवायचे, त्यातलं हे एक. ठिकाण: फिंतासचा किनारा, तिसरं बाकडं. सावली: चारनंतर. वारा: आहे, पदर सांभाळावा. बाथरूम: आहे, कडी नाही. बाईमाणसाला तासभर बसता येईल का: येईल. अभिप्राय: नॉर्मल.

'नॉर्मल' ही त्यांच्याकडची सर्वांत मोठी शाबासकी. एक्स-रेच्या खात्यात याहून चांगली बातमी नसते. आमच्या लग्नाचा अल्बम दाखवला तेव्हा शेवटचं पान मिटून ते म्हणाले, "नॉर्मल." अभयला राग आला. मला वहीची सवय झाली होती, मला भरून आलं.

बाईमाणसाला बसता येण्याचा प्रश्न मात्र प्रत्येक पानावर होता. मासळी बाजाराच्या पानावरही होता. मी तो जुन्या वळणाच्या माणसाचा सभ्यपणा समजत होते.

मग आमचे शुक्रवार सुरू झाले. दवाखान्याच्या मागच्या खाडीत ओहोटीला शेकडो रोहित पक्षी उतरतात, ते काकांनी दाखवले. "सगळे एका पायावर. असे पेशंट मिळाले तर काय पाहिजे," म्हणाले. हिवाळ्यातला पाऊस पडून गेल्यावर वाळवंटात आठ-पंधरा दिवस उगवणारी बोटभर पिवळी फुलं दाखवली. ती बघायला तर सरळ पोटावर झोपायला लावलं. एका गल्लीत एका कुवेती म्हाताऱ्याच्या भिंतीबाहेर बोराचं झाड आहे. बोरांचा मोसम आला की म्हातारा दारात खुर्ची टाकून बसतो आणि आम्हाला वेचायला सांगतो. काकांना येणारं अरबी सगळं एक्स-रेच्या टेबलावरचं, त्यामुळे ते त्याला वर्षानुवर्षं "कुठे दुखतंय?" एवढंच विचारतात, आणि तोही दर वेळी निराळी जागा दाखवतो. ती बोरं पदरात घेऊन मी गाडीत बसले तेव्हा सांगलीची आठवण आली होती, पण रडू नव्हतं आलं. दोन्हीतला फरक मला तेव्हा कळला.

ती तिसरी बॅग मी कधी उघडली ते मला आठवत नाही. एकदा सानिकाचा स्वेटर शोधताना माळ्यावर हात घातला तर ती रिकामी सापडली. ज्या माणसामुळे ती रिकामी झाली त्याला मी कधी नीट आभाराचा शब्द बोलले नव्हते. पुरणपोळ्या नेऊन दिल्या तर पंख्याकडे बघत "नॉर्मल" म्हणायचे, संपला विषय.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी काका वर आले आणि चक्क सोफ्यावर बसले. एरवी ते दारातच उभ्याने चहा घेतात.

"मेधा, मी मार्चला रिटायर होतोय. कायमचा जाईन आता चिपळूणला. त्याआधी सुमती एकदा इकडे यावी असं वाटतं. व्हिजिट व्हिसा मिळतोय हल्ली. पण ती नाही म्हणते. तू फोन करशील?"

सुमतीकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. चिपळूणला शिक्षिका होत्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. काका दर सुट्टीत जायचे, त्या कधी यायच्या नाहीत. मुलाची शाळा, सासू-सासरे, नोकरी, अशी कारणं आम्हीच मनाशी धरली होती.

"एकदा आलेली," काका म्हणाले. "बावीस वर्षं झाली. फरवानियाला जागा घेतली होती. जागेचं भाडं निघावं म्हणून मी सकाळी दवाखाना नि संध्याकाळी एक क्लिनिक करायचो. गाडीचं लायसन्स नव्हतं, ते मिळायला पुढे नऊ वर्षं गेली. गॅस होता, फ्रीज होता, मराठी चॅनेल लावून दिलेलं. घरात सगळं आणून दिलं बघ. बाहेर न्यायचं तेवढं राहिलं. वर मीच सांगून जायचो, दार उघडू नको कुणाला. आठ महिन्यांनी वडिलांच्या ऑपरेशनला म्हणून गेली ती गेलीच. भांडली असती तर बरं झालं असतं. कधी एका शब्दाने बोलली नाही."

ते वहीची कड अंगठ्याने दाबत होते. मला एकदम सगळी पानं दिसली. सावली चारनंतर. बाथरूम आहे. बाईमाणसाला तासभर बसता येईल.

मी फोन केला. पलीकडून वर्ग शांत करणारा आवाज आला. "अगो, कुवेत मी बघितलंय. आठ महिने बघितलं. तिसरा मजला, एक खिडकी. आता परत काय बघायचं?"

मी आधी हवेचं बोलले, मग काकांनी लिफ्टमध्ये विचारलेल्या प्रश्नांचं आणि बुटांचं, मग फुलांचं, पक्ष्यांचं. त्या नुसतं "हां, हां" म्हणत होत्या. शेवटी मला दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, "काकू, काकांकडे एक वही आहे. प्रत्येक जागेवर ते एकटे तासभर बसून येतात आणि लिहितात, बाईमाणसाला इथे बसता येईल का. वही भरली आहे. आम्हाला वाटायचं बाईमाणूस म्हणजे मी."

मग त्या म्हणाल्या, "डिसेंबरात तिकडे स्वेटर लागतो का?"

त्या येणार ठरल्यावर काकांचं जे झालं ते सांगण्यासारखं आहे. ज्या माणसाने निम्म्या मराठी कुवेतला फिरवलं त्याला बायकोला कुठे न्यायचं ते ठरवता येईना. फिंतासचं तिसरं बाकडं त्यांनी तीनदा जाऊन पुसलं. बाथरूमची कडी स्वतःच्या हाताने बसवली. चौदा दिवसांचा कार्यक्रम चार वेळा लिहिला आणि रोज सकाळी अभयला वाचून दाखवला. "खाडी आधी की पंप आधी?" ते विचारायचे. अभय म्हणाला, "काका, पंप नंतर." त्यावर ते दिवसभर आमच्याशी बोलले नाहीत.

काकू आल्या बुधवारी. उंच, सडपातळ, चष्मा दोरीला बांधलेला. शुक्रवारी साडेतीनला आम्ही सगळे खाली जमलो. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वही उघडून ते घसा साफ करणार तोच काकू म्हणाल्या, "अहो, मला आधी फरवानियाला न्या."

"तिथे काय आहे? तिथली पाहणी केलेली नाही मी."

"मी केलेली आहे," काकू म्हणाल्या आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

काकांनी वही मिटून खिशात घातली आणि गाडी काढली. फरवानिया होतं तसंच होतं, बस, दुकानं, पैसे पाठवायला लागलेल्या रांगा. इमारत उभी होती, फक्त रंग बदलला होता. काकू फुटपाथवर उभ्या राहिल्या, चष्मा लावला आणि बोटाने मजले मोजले. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत एक तरुण बाई उभी होती.

"बघ मेधा, एसीच्या डाव्या अंगाला उभी आहे ती. तिथूनच रस्त्याचा एवढा तुकडा दिसतो. बाकी सगळी भिंत. मी पण तिथेच उभी राहायचे, हे येताना दिसतात का बघत." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. एखाद्याला आपली जुनी शाळा दाखवावी तशा त्या सांगत होत्या. काका गाडीला टेकून उभे होते आणि खिडकीकडे बघत होते. इतकी वर्षं या शहरात फिरून त्यांनी ती खालून कधी पाहिली नव्हती.

"चल, वर जाऊ," काकू मला म्हणाल्या. "तुम्ही नका येऊ, घाबरेल ती."

साखळी न काढता दार उघडलं गेलं. आत खिडकीतली ती बाई होती, आंध्रातल्या नेल्लोरची, कडेवर मूल. हिंदी जेमतेम. काकूंनी चष्मा काढला आणि विचारलं, "कितने महीने हुए?"

"पाँच."

"क्या क्या देखा?"

तिने जरा विचार केला आणि मागच्या खिडकीकडे बोट दाखवलं.

काकूंनी फटीतून हात आत घालून तिच्या खांद्यावर ठेवला. तिने साखळी काढली. "अगले शुक्रवार को साढ़े तीन बजे नीचे आना," काकू म्हणाल्या. "आदमी को भी लाना. चप्पल नहीं, बूट." मग तिची परवानगी घेऊन त्या आत गेल्या, एसीशेजारी त्याच जागी उभ्या राहिल्या आणि त्यांनी खाली पाहिलं. मीही शेजारी जाऊन उभी राहिले. रस्त्याचा तुकडा दिसत होता, आणि त्याच्या बरोबर मधोमध खेडेकर काका, मान वर करून, हात अंगाला चिकटवून, ताठ. तिसऱ्या मजल्यावरून मला त्यांचे कान दिसणं शक्य नव्हतं, पण ते लाल झाले असणार.

काकूंनी काच सरकवली आणि वाकून खाली म्हटलं, "अहो, सोडा आता."

काकांनी मान खाली घातली आणि बराच वेळ खिशात रुमाल शोधत राहिले.