आधी नामाशेठ

नामाशेठ व्हिस्कीचा पहिला घोट घेतो आणि लगेच उठून पाटी वाचायला जातो. पाटी कुठलीही चालते. आधी डावा डोळा हाताने झाकायचा आणि उजव्याने वाचायचं, मग उजवा झाकून डाव्याने. अक्षरं नीट लागली की खुर्चीत येऊन बसतो आणि म्हणतो, "अजून तरी दिसतंय." दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तीच परीक्षा. त्यात पास होईपर्यंत त्या बाटलीला इतर कोणी हात लावायचा नाही.

"थांब, आधी मी," हे त्याचं पालुपद. मग ती व्हिस्की असो, उसाचा रस असो, नाहीतर लग्नातली कढी.

भिवंडीजवळ वडप्याला त्याच्या शेतावर गोडाऊनं उभी राहिली, भाडं यायला लागलं आणि नामा पाटलाचा नामाशेठ झाला. त्याच्या बरोबरीच्यांनी मोठाल्या गाड्या घेतल्या, गळ्यात साखळ्या घातल्या. नामाशेठला मात्र व्हिस्कीचे कारखाने बघायचा नाद लागला. जिथे ती बनते तिथे जायचं, कशी बनते ते बघायचं, रात्री तिथेच मुक्काम करायचा आणि सकाळी पास झाल्यावर एक बाटली घेऊन घरी यायचं. सोबतीला मी. माझं भिवंडीत लूमच्या सुट्या भागांचं दुकान आहे, म्हणून तो मला "दुकानदार" म्हणतो. मी स्वतः लिफ्टमध्ये चढायलाही घाबरतो. असे दोन भित्रे दारू प्यायला निघाले की प्रवास कसा होत असेल ते बघा. जायचं एस.टी.नेच, कारण पिऊन गाडी चालवणाऱ्याची त्याला भीती आणि त्याच्या भीतीची मला.

गेल्या हिवाळ्यात आम्ही नाशिककडच्या एका डिस्टिलरीत गेलो. तांब्याची भलीमोठी भांडी, लाकडी पिंपांच्या रांगा, आणि सगळं दाखवायला एक हसतमुख बाई. बाईंनी बारीक तोंडाचे ग्लास पुढे ठेवले. "सर, आधी नुसता वास घ्या. मध जाणवेल, मागून सुकं खोबरं."

"खोबरं ऱ्हाऊ द्या ताई. ह्याच्यात भायेरनं काय मिसळता?"

"फक्त पाणी."

"कुठलं?"

"आमच्या विहिरीचं."

"विहीर दावा."

विहीर बघून आलो. मग बाईंनी पिंपातून थेट काढलेली कडक व्हिस्की ओतली, आणि नामाशेठने खिशातून स्टीलचा चमचा काढला. मी हळूच मागे सरकलो. कारण पुढे काय होणार ते मला माहीत होतं. आमच्याकडे जुन्या लोकांची समजूत आहे की चमच्यात दारू घेऊन काडी लावायची. ज्योत निळी आली तर माल चांगला, नाहीतर फेकून द्यायचा. शास्त्राला हे मान्य आहे की नाही कोण जाणे. पण ही परीक्षा घरी घ्यायची असते, दारूच्या पिंपांनी भरलेल्या इमारतीत नव्हे! गेटवर काडेपेट्या काढून घेतल्या होत्या. नामाशेठने मोज्यातून काडी आणि काडेपेटीची फाडलेली कड काढली आणि मी काही बोलायच्या आत काडी ओढलीसुद्धा.

बाई किंचाळल्या. मी टेबलाखाली गेलो. दोन वॉचमन वाळूची बादली घेऊन धावत आले आणि त्यांनी टेबलावर, चमच्यावर, नामाशेठवर वाळू ओतली. वाळूतून नामाशेठचा आवाज आला, "निळी! दुकानदार, निळी हाय!"

आम्हाला मानाने गेटबाहेर काढण्यात आलं. बाहेरच्या दुकानात त्याने त्याच व्हिस्कीची बाटली घेतली. लॉजवर एवढा खुशीत होता, की त्याने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. सकाळची वाट न बघता मलाही अर्धा पेग दिला.

सकाळी मी उठलो, चष्मा लावला आणि खोली विरघळलेली दिसली. दार कुठे, भिंत कुठे, काही कळेना. मी डोळे चोळले. तसंच. तेवढ्यात खिडकीपाशी नामाशेठ ओरडला, "पाटी गेली! दुकानदार, मला पाटी दिसत न्हाय! तुला दिसतंय ना?"

"नाही हो!"

तो मटकन खाली बसला. "मी तुला का दिली रं," म्हणत रडायला लागला. मग चाचपडत घरी फोन लावला. "दादूस, मला दिसत न्हाय," एवढंच बोलला आणि फोन हातातून पडून बंद झाला.

आमचा आरडाओरडा ऐकून चहावाला वेटर आत आला. दोघांकडे पाहून म्हणाला, "साहेब, चश्मे बदललेत काय तुमचे?"

एकावर एक फुकट म्हणून आम्ही दोघांनी एकाच दुकानातून एकसारख्या फ्रेमा घेतल्या होत्या. त्याचा नंबर नावापुरता, माझा बाटलीच्या बुडाएवढा. मी इतका हसलो की खोकला लागला. नामाशेठ हसला नाही. माझ्या फोनवरून घरी लावत राहिला. फोन कोणी उचलेना.

परतीच्या एस.टी.त त्याने मला दादूसबद्दल सांगितलं. दादूस म्हणजे त्याचा थोरला भाऊ. तो आंधळा आहे हे मला माहीत होतं. कशाने, ते मी कधी विचारलं नव्हतं. घरातल्या एका हळदीला नामाने हातभट्टीचा कॅन आणला होता. पहिला ग्लास त्याने स्वतःच उचलला. दादूसने तो हातातून काढून घेतला. "थांब, आधी मी. पोरासोरांनी मागनं." दुसऱ्या दिवशी दादूस विचारत होता, अजून उजाडलं कसं नाही.

"त्याला एकदा तरी बिनघोर पाजायची हाय," नामाशेठ म्हणाला. "मला काय, कडूच लागते."

आम्ही पोचलो तेव्हा दादूस घराबाहेर रस्त्याच्या कडेला उभा होता. फोन आल्यापासून तो घरात थांबलाच नव्हता. मागून ट्रेलर धडधडत जात होते आणि तो प्रत्येक पावलाच्या आवाजाकडे तोंड वळवत होता. "नामा?"

"दिसतंय रं दादूस. चश्म्याचा घोळ झाला."

दादूसने नामाशेठच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला. अंगठ्याने दोन्ही पापण्या हळूच चाचपल्या. मला तिथे उभं राहवेना.

नामाशेठने झाकणभर व्हिस्की त्याच्यापुढे धरली. "सकाळी पास झालो. घे."

"पुढल्या टायमाला मलाबी न्यायचं," दादूस म्हणाला. "आधी मी पिणार. माझं आता काय जायचं हाय? तुझे डोळे गेले तं मला कोण सांगंल समोर काय हाय ते?" आणि त्याने झाकण तोंडाला लावलं.

नामाशेठ वळला आणि समोरच्या गोडाऊनची पाटी मोठ्याने वाचायला लागला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या फोन नंबरापर्यंत. या वेळी त्याने एकही डोळा झाकला नव्हता.